चुकल्याचा एक गुण

मैदान आमचं गोल नाही. अंडाकृती,
आणि तेही एका अंगाला कललेलं, ओढ्याकडे.
नाणेफेक जिंकली की कप्तान आधी उतार बघतो.
बॉलही लांबुडका,
टप्पा पडला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

केल्डन व्हेल. स्टेशनापासून चालत अकरा मिनिटं,
टायरवाल्याच्या मागे.
क्लबाचं नाव पाणकावळे, जर्सी काळी, छातीवर पांढरा डाग.
ओढ्यावर खरे पाणकावळेही आहेत,
पंख पसरून उभे असतात, राखीव खेळाडूंसारखे,
वाळत, वाट बघत.

मी फळ्यावर.
म्हणजे शिडी चढून पत्र्याच्या खोलीत,
खिळ्यांना आकडे अडकवायचे, काढायचे.
आधी बाबा करायचे.
त्यांच्या हातचा एक पाच अजून आहे,
मूळचा वाऱ्याने ओढ्यात गेला तेव्हा
बिअरच्या ट्रेच्या पाठीवर रंगवलेला,
पोट जरा सुटलेला, त्यांच्यासारखाच.

आमच्या बाजूला यंदा पाचाचं फारसं काम पडलं नाही.
पंधरा सामने, पंधरा हार.
सोमवारी कामावर कुणी विचारत नाही, कितीने?
तेवढी माणुसकी आहे.

शेवटचा शनिवार. ऑगस्ट, म्हणजे ऐन थंडी.
गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या,
आत म्हातारी जोडपी, थर्मास,
रेडिओवर दुसरीच कुठली मॅच.
स्टाव्रूलाच्या खिडकीपुढे गरम पायची रांग,
ड्रेसिंग रूममधून निलगिरीच्या तेलाचा भपकारा.
मुलींचा संघ सकाळीच खेळून, जिंकून गेलेला.
त्यांच्या गुडघ्यांचा चिखल बाकांवर वाळत होता.

पाहुणे एकशे चाळीस. आम्ही बावीस.
त्यांचेच आकडे बदलून माझी बोटं बधिर.
शेवटचा एकदा नीट अडकवला
आणि मी उतरू लागले.

तेव्हा मजोक अतेमने उडी घेतली.
सोळा वर्षांचा, दुसराच सामना, बूट कुणाचे तरी उसने.
तीन पाठींच्या वर गेला,
कुणी वरून बखोट धरून उचलल्यासारखा,
आणि बॉल त्याच्या बोटांत थांबला.
लगेच भोंगा.

नियम असा:
झेल आधी घेतला असेल तर भोंग्यानंतरही मारता येतं.
कशासाठी मारायचं, ते नियमात नाही.

सगळे थांबले. पाहुणेसुद्धा.
ऑझी पेनहेल पांढऱ्या कोटात, उंच खांबांच्या मध्ये,
टाचा जुळवून उभा,
अजून सगळंच ठरायचंय असा.
मजोक आठ पावलं धावला.
बॉल उंच गेला, छान गेला,
मग ओढ्यावरचा वारा लागला त्याला,
उंच खांबाच्या बाहेरून,
बुटक्या खांबाच्या आतून.

ऑझीने एक बोट दाखवलं. एकच झेंडा हलवला.

दुसऱ्या कुठल्या खेळात हे आहे, मला ठाऊक नाही.
चुकलास. पण जवळच चुकलास.
हा घे एक.

एका गुणासाठी हॉर्न वाजवायची रीत नाही आमच्यात.
एका गाडीचा वाजला, कोपर लागलं असेल.
मग शेजारचीचा.
मग कुंपणाला धरून सगळा लंबगोल वाजत गेला,
पाणकावळे उडाले,
आणि मजोक दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा,
चुकल्याबद्दल अजून ओशाळलेला.

मी खाली पोचले होते.
अकरा पायऱ्या, डावा गुडघा कुरकुरतो.
पुन्हा चढले.
चार काढला, बाबांचा पाच लावला.
बावीसचे तेवीस केले.
कुणी बघत नव्हतं. स्टाव्रूला तेल गाळत होती.

ते आकडे मी उतरवलेच नाहीत.
ऑक्टोबरात क्रिकेटवाले येतील, चिडचिड करतील, काढतील.
तोवर पुलावरून गाडी नेताना
मान वळवली की दिसतो,
पोट सुटलेला.